बोटांना लागलेली गाठ : दवाखान्यातल्या परिचारिकेची एक प्रकरणनोंद

रुग्ण पुरुष, वय ६७. मधुमेह १८ वर्षांपासून, इन्सुलिन ६ वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन पेननं (पेनसारखं इंजेक्शन, चकती फिरवून डोस लावायचा) मिश्र इन्सुलिन, म्हणजे लवकर काम करणारं ३० टक्के आणि सावकाश काम करणारं ७० टक्के. वजन ६४ किलो. रक्तदाब गोळीनं ताब्यात. पत्नी हयात नाही, मुलगी परगावी, घरी एकटे.

केसपेपरच्या पहिल्या पानावर एवढं लिहिलेलं होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. तरीही अकरा महिने आम्ही सगळेच या माणसाच्या बाबतीत चुकत राहिलो. ते कसं, आणि ते लक्षात कशामुळे आलं, हे इथे मांडते आहे. त्यानंतर माझ्या स्वतःच्या हातून एक चूक झाली. तीही लिहिते आहे, कारण ती गाळली तर या प्रकरणातला शिकण्यासारखा अर्धा भाग गळून जाईल. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि सगळा मजकूर काकांना वाचून दाखवला आहे. मी त्यांना पहिल्यापासून काकाच म्हणते, म्हणून पुढेही तसंच लिहिते.

वाढत गेलेले आकडे

त्या अकरा महिन्यांच्या सुरुवातीला काकांचा डोस सकाळी २२ युनिट आणि संध्याकाळी १६ युनिट होता. एचबीए१सी ७.६ टक्के. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं, त्यामुळे ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी होती ते सांगते. एखाद्या दिवशीच्या पथ्यानं ती फसत नाही. ७.६ म्हणजे या वयाच्या माणसासाठी बरं चाललं होतं.

मग उपाशीपोटीची साखर वाढू लागली. डॉक्टरांनी दोन युनिट वाढवली. पुढच्या महिन्यात आणखी चार. मग पुन्हा दोन. अकरा महिन्यांत डोस सकाळी ३४ आणि संध्याकाळी २६ वर पोहोचला, म्हणजे दिवसाला ३८ चे ६० युनिट झाले. एवढं होऊनही एचबीए१सी ९.८. या काळात दोनदा साखर अचानक खाली आली होती, एकदा ६१ आणि एकदा ५८. दोन्ही वेळा केसपेपरवर लिहिलेलं होतं, ‘जेवण चुकलं असावं?’ ते प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. त्याच्या मागे कुणी गेलं नाही.

डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. त्यांच्यासमोर दर वेळी एक आकडा यायचा, बाहेर रांग असायची आणि वाढलेल्या साखरेला डोस वाढवणं हे उत्तर चुकीचं नव्हतं. त्या अकरा महिन्यांत मीही काकांचं रक्त किमान सहा वेळा काढलं होतं. हात, शीर, कापूस, पट्टी. पोट एकदाही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी

त्या सकाळी ते रक्त द्यायला आले तेव्हा गर्दी होती. पट्टी लावून झाली, पण काका खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, “सिस्टर, मला आता औषध लागूच पडत नाही. शरीरानंच सोडून दिलंय.”

असं वाक्य आम्ही रोज ऐकतो. त्याला ठरलेलं उत्तरही आमच्याकडे असतं, “असं नाही म्हणायचं काका, होईल कमी.” मी ते म्हणालेही. तेव्हा त्यांनी पिशवीतून पेन काढून माझ्यापुढे धरलं. “सकाळचं अजून घेतलं नाही. आज तुम्ही द्याल का? हात कंटाळलाय.”

हात कंटाळलाय. जीव कंटाळला असं माणसं म्हणतात. हात कंटाळला असं मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुढचा रुग्ण दारात उभा होता. त्याला दोन मिनिटं बसायला सांगितलं आणि पडदा ओढला.

“कुठे घेता?”

त्यांनी न बघता सदरा वर केला आणि बेंबीच्या उजवीकडे, तीन बोटं खाली, बोट ठेवलं. अगदी त्याच जागी, चाचपडावंही न लागता. डोळ्यांना काही विशेष दिसलं नाही. वरून येणाऱ्या उजेडात पोट सपाटच वाटतं. मी हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि बोटं फिरवली. मऊ, मऊ, मऊ, आणि मग एकदम भरीव. रबरासारखी, कडा हळूहळू विरत जाणारी गाठ. मोजली तेव्हा लांबी सुमारे ६ सेंटिमीटर आणि रुंदी ४ भरली. डावीकडची कातडी चिमटीत सहज येत होती, उजवीकडची येतच नव्हती. काकांना आडवं करून बाजूनं उजेड टाकला तेव्हा तो उंचवटा डोळ्यांनाही दिसला.

“इथेच घेता रोज?”

“इथे दुखत नाही.”

“कधीपासून?”

“ती गेल्यापासून.”

पत्नीचं निधन कधी झालं हे केसपेपरवर कुठेच नव्हतं. विचारलं. पहिल्यांदा डोस वाढवला त्याच्या साधारण दीड महिना आधी.

गाठ म्हणजे काय

या गाठीला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. इन्सुलिन चरबीच्या पेशींना वाढायला लावतं. एकाच जागी रोज सुई टोचत राहिलं की तिथली चरबी फुगते आणि घट्ट होते. त्यात पुन्हा तीच तीच सुई वापरली की भर पडते, आणि काका एक सुई आठ-दहा दिवस चालवत होते. अशा जागेतली संवेदना कमी होते, टोचलेलं जाणवत नाही, म्हणून माणूस आपोआप तिथेच परत जातो. न दुखणं हीच इथली खूण असते, आणि न दुखणाऱ्या गोष्टीची तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात येत नाही.

या भागात सोडलेलं इन्सुलिन रक्तात नीट उतरत नाही. कधी कमी उतरतं, कधी उशिरा, आणि आज जसं उतरलं तसं उद्या उतरेल याचा नेम नसतो. म्हणजे काकांच्या अंगात ६० युनिट जात होते, पण कामाला किती येत होते हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दोन अचानक घसरणींचं कोडंही इथेच सुटलं. खोदून विचारल्यावर त्यांना आठवलं की एकदा प्रवासात आणि एकदा पोट दुखत होतं म्हणून, अशी दोन्ही वेळा त्यांनी मांडीत सुई घेतली होती. मांडीची जागा निरोगी होती, डोस मात्र गाठीच्या मापानं वाढवलेला होता. जेवण चुकलेलं नव्हतंच, आणि काका तेव्हाही हेच सांगत होते.

हे दुर्मीळ आहे असं कुणाला वाटेल, म्हणून सांगते. स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० रुग्णांची अशी तपासणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांमध्ये अशा गाठी सापडल्या. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत तर स्पष्टच म्हटलं आहे की, इंजेक्शनच्या जागा बघून आणि बोटांनी दाबून तपासायच्या, आणि गाठ असेल तर ती जागा सोडायची. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्यानंतरच्या शंभर वर्षांत औषध शुद्ध झालं आणि सुया ४ मिलिमीटरपर्यंत आखूड झाल्या. साध्या दवाखान्यात ती सुई जाते ती जागा तपासायला मात्र अजून बोटंच लागतात.

ताकद, इच्छा, ज्ञान

त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा वेळा हा माणूस माझ्यासमोर बसला होता, हे मन खात होतं.

शिकत असताना अमेरिकन परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन यांची परिचर्येची व्याख्या आम्ही घोकली होती. तिचा आशय असा : माणसाकडे पुरेशी ताकद, इच्छा किंवा ज्ञान असतं तर आपल्या आरोग्यासाठी जे त्यानं स्वतःच केलं असतं, ते करायला परिचारिकेनं त्याला मदत करावी, आणि तीही अशी की त्याला लवकरात लवकर आपल्या पायांवर उभं राहता यावं. परीक्षेत या वाक्याला गुण मिळतात. काकांच्या केसपेपरवर ते ठेवून बघितलं तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट कळलं.

ज्ञान त्यांच्याकडे होतं असं सगळे धरून चाललो होतो. सहा वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं तेव्हा प्रशिक्षण दिल्याची नोंद आहे, खाली सहीही आहे. पण ते प्रशिक्षण समजून घेतलं होतं त्यांच्या पत्नीनं. पाच वर्षं रोज दोन वेळा इंजेक्शन तीच देत होती. सोमवारी दंड, मंगळवारी मांडी, मग पोटाची एक बाजू, मग दुसरी. हे सगळं तिच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. म्हणजे ती गेली तेव्हा काकांची बायको गेलीच, आणि आमच्या दवाखान्याची न नेमलेली परिचारिकाही गेली. ती जागा रिकामी झाल्याचं आम्हाला अकरा महिने कळलं नाही.

ताकदीचं म्हणाल तर डावा खांदा आखडलेला, त्यामुळे डाव्या हातानं काही धरणं अवघड. नजरही अधू झालेली, पण ती किती अधू हे मला तेव्हा समजलं नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आणि इच्छा? एकटं घर, दोन वेळची सुई, आणि दर महिन्याला दवाखान्यात जाऊन आकडा वाढल्याचं ऐकायचं. माणसाला वाटतंच की आपणच कुठेतरी कमी पडतो आहोत. काकांनी खाणं इतकं कमी केलं होतं की वजन घटायला लागलं होतं. आम्ही म्हणत होतो पथ्य पाळा, आणि ते पाळत होते.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्याआधी बसून त्यांचे अकरा महिन्यांचे डोस एका चौकटीच्या कागदावर मांडले. वर साखरेची रेघ, खाली डोसची, मध्ये एक उभी रेघ, पत्नीच्या निधनाची. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा सगळ्यांना ठाऊक असतो. त्यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे आलेख काढून दाखवलं होतं की बहुतेक जण जखमांनी मेले नाहीत, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले. मला तो आलेख दिव्याइतकाच मायेचा वाटत आला आहे. आकड्यांमागे माणूस शोधायला बसणं हीसुद्धा शुश्रूषाच आहे.

तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी उभ्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, “हे काय?” सांगितलं. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी त्यांचं पोट कधी बघितलंच नाही.” मी म्हणाले, “मीही नाही, सर.”

माझी चूक

गाठीतून निरोगी जागेवर जाताना डोस कमी करावा लागतो, नाहीतर साखर कोसळते. ही घट अनेकदा २० टक्क्यांहून जास्त करावी लागते आणि ती माणसागणिक वेगळी असते, म्हणून साखर वारंवार तपासत राहावी लागते. डॉक्टरांनी ६० चे ४८ केले : सकाळी २८, संध्याकाळी २०.

काकांना बोलावून अर्धा तास दिला. पोटाचे चार भाग कल्पून त्यातला गाठीचा भाग पूर्ण बंद केला. गाठीच्या कडेनं कातडीवर शाईच्या पेननं खूण केली आणि ती त्यांच्या बोटांना लावून दाखवली. उरलेले तीन भाग आणि दोन्ही मांड्या वापरायच्या, एका आठवड्याला एक भाग, आणि रोजची सुई कालच्या जागेपासून बोटभर लांब. मिश्र इन्सुलिन तळाशी बसतं, म्हणून पेन तळव्यांमध्ये दहा वेळा फिरवायचं आणि दहा वेळा खालीवर करायचं, आतलं द्रव सारखं दुधाळ दिसेपर्यंत. सुई दर वेळी नवी. बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. साखर ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, गरज पडली तर पुन्हा तेवढंच.

त्यांच्याकडून समोर एक इंजेक्शनही घेववलं. सुई योग्य जागी गेली, दहापर्यंत मोजलं, सगळं ठीक. नवा डोस चिठ्ठीवर लिहून दिला. “समजलं ना काका?” “समजलं.”

तिसऱ्या रात्री अडीच वाजता ते घामानं भिजून जागे झाले. हात थरथरत होते. मशीनवर ५२. साखर घेतली, पंधरा मिनिटांनी ६८, पुन्हा घेतली, मग ९४. पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिले, झोपायची भीती वाटली म्हणून. सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी दारात उभे होते.

एकट्या माणसाला झोपेत साखर उतरून जाग आली नसती तर काय झालं असतं, हे मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

“संध्याकाळी किती घेतलं काका?”

“वीसच घ्यायचं होतं, लक्षात होतं माझ्या. पण बोटाला सव्वीसची सवय.”

आधी काही समजलं नाही. पेन हातात दिलं आणि म्हटलं, लावा वीस. त्यांनी पेनच्या छोट्या खिडकीत दिसणाऱ्या डोसच्या आकड्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून, कान पेनजवळ नेऊन चकती फिरवू लागले. टक, टक, टक. दर टकला एक युनिट. मोतीबिंदूमुळे खिडकीतला आकडा त्यांना कितीतरी महिन्यांपासून दिसतच नव्हता. साखर मोजायचं मशीन मोठ्या आकड्यांचं होतं, त्यामुळे घरातल्या नोंदी बरोबर येत आणि नजरेचा संशय कुणाला येत नसे. पेन मात्र ते आवाजावर चालवत होते. त्या संध्याकाळी मोजता मोजता सवयीनं सव्वीसपर्यंत गेले. माझी चिठ्ठी खिशात होती, निळ्या बारीक बॉलपेननं लिहिलेली. ती त्यांना वाचताच आली नव्हती.

आता माझं. आदल्या भेटीत मी इंजेक्शन समोर घेववलं होतं खरं, पण चकती मीच फिरवून दिली होती. बाहेर माणसं खोळंबली होती आणि त्यांचा हात हळू चालत होता. ते वीस सेकंद मी वाचवले. तेच वीस सेकंद बघितले असते तर सगळं तिथेच उघड झालं असतं. आणि “समजलं ना?” या प्रश्नाला “समजलं” याखेरीज कोण काय उत्तर देतं? “आता तुम्ही मला करून दाखवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी हात लावणार नाही,” असं म्हणायला हवं होतं. हे मला शिकवलेलं होतं, मी नव्या मुलींना शिकवतही होते.

घटनेची लेखी नोंद केली, डॉक्टरांना सांगितलं, काकांची माफी मागितली. काका म्हणाले, “अहो, तुम्ही तर गाठ शोधलीत.” त्यांनी मोठ्या मनानं म्हटलं. मला ते घेता आलं नाही.

सेवाभाव या शब्दाविषयी

आमच्या कामाचं कौतुक करताना लोक सेवाभाव म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा गोड बोलणं, न चिडणं, डोक्यावरून हात फिरवणं एवढाच धरला जातो. त्या अर्थानं अकरा महिने मी काकांशी अत्यंत सेवाभावानंच वागत होते. कधी आवाज चढवला नाही, रक्त काढताना कधी दुखवलं नाही.

पडदा ओढला त्या क्षणी जे होतं ते वेगळं होतं. एका शब्दानं मन अडकलं आणि पुढे सरकेना. मी या कामात कशासाठी आले असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच आहे. हे अडकणं मला लहानपणापासून आहे आणि त्याचा उपयोग होईल असं काम मला हे एकच सापडलं. घरात कुणी आजारी असलं की मी उंबऱ्याशी बसून श्वास मोजायची. तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, पण मोजल्याशिवाय राहवत नसे.

पण नुसतं अडकून भागत नाही, हे त्या ५२ नं मला दाखवलं. जीव लावणारी परिचारिका घाईत चकती स्वतः फिरवून देते, कारण समोरच्याची धडपड तिला बघवत नाही. ती माया होती यात मला शंका नाही. तिनंच घात केला. ज्याला घरी एकट्यानं करायचं आहे त्याची धडपड बघत, हात मागे बांधून उभं राहणं हे आमच्या कामातलं सगळ्यांत अवघड कौशल्य आहे. सुई टोचण्यापेक्षा, शीर शोधण्यापेक्षा अवघड.

पुढचे महिने

डोस आणखी उतरवत तीन आठवड्यांत सकाळी २४ आणि संध्याकाळी १६ वर स्थिरावला, म्हणजे ४० युनिट. पत्नी असताना जवळपास तेवढाच होता. काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, जरी आकडे त्यांना नीट दिसत नव्हते.

पेनवर बसणारं भिंग मागवलं. डोस जाड काळ्या मार्करनं तळहाताएवढ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिला आणि जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणून द्यायला लावल्या; चार निघाल्या, चार वेगवेगळ्या डोसच्या. भिंग येईपर्यंत शेजारच्या बाईंनी सकाळ-संध्याकाळ आकडा बघून द्यायचं कबूल केलं. मुलीशी फोनवर बोलून रोज रात्री साखर विचारायचं काम तिच्याकडे दिलं. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि पडद्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे बदल निघाले.

पहिले दहा दिवस रोज सकाळी आठला मी फोन करत असे. आकडा विचारायचा, जागा विचारायची, संपलं. पुढे काकांचे फोन येऊ लागले. आधी साखरेसाठी, मग रात्री नऊला, मग सुट्टीच्या दिवशी, आणि त्यात साखर असतेच असं नाही. बायकोच्या आठवणी, जुन्या नोकरीच्या गोष्टी. मी ऐकत असे. आमच्या वरिष्ठ सिस्टरनी एक दिवस मला बाजूला घेतलं. “तू घरी जाताना पेशंट बरोबर नेतेस. चार महिन्यांनी तू फोन उचलायची बंद होशील, आणि तेव्हा त्यांना ते जास्त लागेल.”

राग आला. मग दोन दिवसांनी पटलं. काकांना स्पष्ट सांगितलं, वैयक्तिक फोनवर नको, दवाखान्याच्या नंबरवर करा, आणि दर बुधवारी अकरा वाजता मी तुमच्यासाठी पंधरा मिनिटं ठेवते. साखर खाली गेली तर कुणाला फोन करायचा ते पुठ्ठ्याच्या मागे लिहिलं आहे. वाईट वाटलं असेल त्यांना, आवाजावरून कळलं. पण बुधवारी ते पावणेअकरालाच येऊन बसले होते. आता बाकावर बसणाऱ्या आणखी एका इन्सुलिनवाल्या आजोबांशी त्यांची गट्टी जमली आहे आणि मी पाच मिनिटं उशिरा बाहेर आले तरी त्यांना चालतं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.१, सहा महिन्यांनी ७.४. वजन दोन किलो वाढलं, कारण ते पुन्हा पोटभर जेवू लागले. रात्रीची घसरण त्यानंतर झालेली नाही.

दवाखान्यात दोन गोष्टी बदलल्या. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर आता एक ओळ छापलेली असते, ‘इंजेक्शन कोण देतं?’ आणि ती दर भेटीत नव्यानं भरायची असते. दुसरं, रक्त काढायच्या खोलीत बाजूनं उजेड टाकणारा दिवा बसवला आहे. पहिल्या महिन्यात आणखी काही जणांच्या गाठी निघाल्या. त्यांतल्या एक बाई वर्षभर दर वेळी रडून सांगत होत्या की त्या गोड खात नाहीत.

आज

काकांची गाठ अजून पूर्ण विरलेली नाही. अशा गाठी जायला कित्येक महिने लागतात. सातव्या महिन्यात मोजली तेव्हा ६ सेंटिमीटरची साडेतीन झाली होती आणि कडा मऊ पडल्या होत्या. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या पंधरवड्यात आहे. त्यानंतर त्यांना खिडकीतला आकडा दिसेल, भिंग लागणार नाही. पण एवढ्या दिवसांची टक-टक मोजायची सवय बोटात आहेच, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या बुधवारी पुन्हा सगळं पहिल्यापासून करून घ्यायचं ठरलं आहे. अर्धा तास राखून ठेवला आहे. पेन त्यांच्याच हातात असेल.

मागच्या बुधवारी जाताना त्यांनी सदरा नीट केला आणि म्हणाले, “या आठवड्यात डावी मांडी. तिचाही मंगळवार मांडीचाच असायचा.”